पाचवं शील आणि पांढरी गोळी

आमच्या घरात वास घेण्याचं काम माझ्याकडे होतं. संध्याकाळी दादाच्या चपलांचा आवाज बोळात आला की माय चुलीपुढून न उठता म्हणायची, "सुजे, दादाला पाणी नेऊन दे." पाणी हे निमित्त. मी तांब्या घेऊन दारात जायची, दादा उभ्यानंच घटाघटा प्यायचा, आणि तांब्या परत घेताना मी त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन यायची. मग आत येऊन मायकडं बघून मान हलवायची, हो किंवा नाही. हो असलं की माय भाकरी तव्यावर आपटायची आणि आण्णा, म्हणजे आमचे वडील, उठून अंगणात जाऊन बसायचे. नाही असलं की घर हलकं व्हायचं, रेडिओ लागायचा, आण्णा दादाला दुकानातली हालहवाल विचारायचे. दादाला हे सगळं ठाऊक होतं. कधीकधी तो मुद्दाम माझ्या तोंडावर जोरात फुंकर मारायचा आणि म्हणायचा, "घे, झाली का तपासणी?" आणि हसायचा. ते हसू मला आजही आठवतं आणि आजही माझं डोकं तापतं. त्याच्यावर नाही. एका जित्याजागत्या माणसाची किंमत त्याच्या तोंडाच्या वासावर ठरवणाऱ्या आमच्या सगळ्यांवर. मला आता वय झाल्यावर लोक सांगतात, राग सोडा, बीपी वाढतं. वाढू दे. हा राग मी सांभाळून ठेवलाय, आणि तो इथं लिहून ठेवणार आहे.

घर परंड्यात, किल्ल्याच्या अलीकडच्या आमच्या वस्तीत. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची ओसरी. आण्णा एसटीत कंडक्टर. पहाटे त्यांच्या तिकिटाच्या पेटीचा खडखडाट आणि तिकीट टोचायच्या चिमट्याची टिकटिक, ह्या आवाजानं आम्ही जागे व्हायचो. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते बसल्या बसल्या चिमटा उघडझाप करायचे. बोलायचे फार कमी. दिवसभर "पुढं सरका, पुढं सरका" ओरडून घरी आलेल्या माणसाकडं बोलायला काही उरत नसावं. माय बोलायची ती भांड्यांतून. खूश असली की रविवारी सकाळी सुशीला करायची, भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा, मिरची, दाण्याचा कूट लावून, आणि दादाच्या ताटात सगळ्यांत मोठा ढीग पडायचा. चिडलेली असली की येसराची आमटी अशी जाळ करायची की नाकाडोळ्यांतून पाणी यावं. दर पौर्णिमेला आम्ही चौघं पांढरे कपडे घालून विहारात जायचो. विहार म्हणजे तेव्हा एक खोली, एक बुद्धमूर्ती, दोन तसबिरी आणि सतरंजी. वंदना म्हणायला पुढं आमचे तात्या बसायचे.

तात्या म्हणजे आण्णांचे थोरले भाऊ, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याविषयी मी वाईट लिहिणार आहे, म्हणून चांगलं आधी लिहिते. तरुणपणी ह्या माणसानं वस्तीतल्या बायांना बरोबर घेऊन हातभट्टीची मडकी फोडली होती. मार खाल्ला होता, पोलिसांचाही आणि भट्टीवाल्यांचाही. त्यांचा आणि आण्णांचा बाप, म्हणजे माझा आजा, दारू पिऊन पिऊन रक्ताच्या उलट्या होऊन गेला होता, आणि ते तात्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. वस्तीतल्या कितीतरी घरांत पोरं शिकली, नोकरीला लागली, ती तात्या दारात उभे राहून बापांना शिव्या घालायचे म्हणून. पंचशील म्हणताना पहिली चार शीलं ते सगळ्यांसारखी म्हणत. पाचवं आलं, नशापाण्यापासून दूर राहण्याचं, की त्यांचा आवाज चढायचा, आणि डोळे उघडून एकेकाच्या तोंडाकडं बघत ते म्हणायचे. त्या वेळी दादा मान खाली घालायचा आणि मला सतरंजी फाडून जमिनीत शिरावंसं वाटायचं.

दादाचं नाव मिलिंद. बसस्टँडच्या बाजूला त्याचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की लोक त्याच्याकडं आणत, आणि तो जुनी तार उपसून नवी तांब्याची तार भरून द्यायचा. तारेचे वेढे बसवताना त्याची बोटं इतकी हलकी चालायची की गिऱ्हाईक काम विसरून बघत बसायचं. वॉर्निशचा वास त्याच्या शर्टाला कायमचा. पण ह्या एका माणसात दोन माणसं होती. काही दिवस तो रात्रंदिवस काम करायचा, झोपायचाच नाही, फुकट मोटारी भरून द्यायचा, मी मोठा कारखाना काढतो म्हणायचा, आणि डोक्यातला भोंगा बंद व्हावा म्हणून प्यायचा. मग काही दिवस भिंतीकडं तोंड करून पडायचा, अंघोळ नाही, जेवण नाही, "मला जगून काय करायचंय" एवढंच बोलायचा, आणि उठून उभं राहता यावं म्हणून प्यायचा. गावाला ह्यातलं फक्त पिणं दिसलं. चढलेला मिलिंद दिसला नाही, पडलेला मिलिंद दिसला नाही, बेवडा मिलिंद तेवढा सगळ्यांना दिसला. मोटारी भरून घ्यायला मात्र त्याच बेवड्याकडं यायचे. तेही त्याच्या उधळलेल्या दिवसांत यायचे, फुकट होतं म्हणून.

आण्णांनी त्याला बरा करायला काय केलं नाही, असं कुणी म्हणू नये. आपल्या पासवर ते त्याला घेऊन हिंडले. एका शहरातल्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला, तर थोड्याच दिवसांत तिथल्या साहेबानं निरोप धाडला, हा नुसता दारुडा नाही, ह्याच्या डोक्यात फरक आहे, असले आम्ही ठेवत नाही. आण्णा त्याला घेऊन एका मोठ्या दवाखान्यात गेले. तिथं सांगितलं, आधी दारू सोडवा, मग आणा, पिणाऱ्यावर उपचार लागू पडत नाहीत. एकीकडं वेडा म्हणून दार बंद, दुसरीकडं दारुडा म्हणून दार बंद. आण्णा मधल्या स्टँडवर दादाला बाकड्यावर निजवून उशाशी बसून राहायचे. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, दादानं सांगितलं. तेव्हा मला वाटायचं दोष आमच्या नशिबाचा. आता मला नीट कळतं की तो दोष त्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांचा होता. एकाच माणसाला एकाच वेळी दोन आजार असू शकतात, एवढी साधी गोष्ट त्यांना कळत नव्हती, किंवा कळून त्यांना त्रास नको होता.

शेवटी सोलापूरला एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी दादाला तासभर बोलू दिलं. मी बरोबर होते, मला तेव्हा कॉलेजात घातलेलं होतं म्हणून आण्णांनी समजून घ्यायला नेलं होतं. बाईंनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर, आणि सरळ भाषेत सांगितलं की ह्याचं मन कधी गरजेपेक्षा वर चढतं, कधी खाली कोसळतं. दारू ह्यानं त्यावर स्वतःच शोधलेलं औषध आहे आणि ते औषध आजार वाढवतं. दारू सोडायची आणि गोळ्या घ्यायच्या, दोन्ही बरोबर. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बरं वाटलं की लोक गोळ्या बंद करतात. तसं करायचं नाही. एकदम बंद केल्या तर आधीपेक्षा जोरात उसळतं." त्या गोळ्या पांढऱ्या होत्या. वर्षभरात दादा खूप सावरला. पिणं संपलं नाही, पण विरळ झालं. मी "नाही" अशी मान हलवण्याचे दिवस वाढत गेले. मायचा हात सुशीलेकडं वळू लागला.

पण गोळ्यांची किंमत होतीच. दादा जाड झाला, दुपारी पेंगायचा, आणि त्याचा हात थरथरायला लागला. मोटार भरणाऱ्याचा हात थरथरणं म्हणजे काय, ते दुकानात बसलं की कळायचं. एकदा मी डबा घेऊन गेले तर तो मांडीवर मोटारीचं कवच घेऊन नुसता बसला होता. म्हणाला, "सुजे, बारीक तार हातात ऱ्हातच न्हाय गं. तुटतीया. गिऱ्हाईक तोंडाकडं बघतंय. त्यास्नी वाटतं म्या पिऊन बसलोय." मी म्हटलं, बाईंना सांगू, गोळी बदलून देतील. तो हो म्हणाला. जायचं ठरलं होतं, तेवढ्यात आण्णांची ड्यूटी बदलली आणि ते राहिलं. तेवढ्यात माघातली पौर्णिमा आली.

त्या पौर्णिमेला तात्यांनी ठरवूनच आणलं होतं. वस्तीतल्या पिणाऱ्यांनी मूर्तीपुढं उभं राहून, सगळ्यांसमक्ष पाचवं शील नव्यानं घ्यायचं. दोघातिघांनी घेतलं, मग दादाचा नंबर आला. दादा पांढरा शर्ट घालून उभा राहिला, हात जोडले, आणि हात जोडलेले असतानाही ते थरथरत होते. तात्यांनी ते बघितलं. विचारलं, "गोळ्या खातोस न्हवं अजून?" दादा म्हणाला, "व्हय तात्या." तात्या म्हणाले, "त्या खाऊन झोप येती? गुंगी येती?" "येती." "मग नशाच की ती! बाटलीतली काय अन् पाकिटातली काय, नशा ती नशा. अर्धं शील घेता येत न्हाय मिलिंदा. घ्यायचं तर पुरं घे. मन खंबीर ठेव, कशाची गोळी न् कशाचं काय." लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळी वाजवली.

मी बायकांच्या बाजूनं उठले. म्हटलं, "तात्या, ते औषध हाय. डॉक्टरीणबाईनं बंद करू नका म्हणून सांगितलंय." सगळा विहार माझ्याकडं वळला. तात्या रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. ते हसून म्हणाले, "पोरी, तू चार बुकं शिकलीस, चांगलं झालं. पर ह्या नशेनं माझा बाप खाल्लाय. मला शिकवू नकोस. बस खाली." मी आण्णांकडं बघितलं. आण्णांनी थोरल्या भावापुढं आयुष्यात तोंड उघडलं नव्हतं, तेव्हाही उघडलं नाही. मायनं माझा पदर धरून खाली ओढलं. आणि दादानं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून तात्यांच्या पायाशी ठेवलं. त्याचा चेहरा असा उजळला होता की मला दोन्ही वाटलं, रडावं आणि त्याच्या मुस्काटात द्यावी. त्याला सुटका हवी होती. त्या थरथरत्या हातांतून त्याला सुटायचं होतं, आणि ती सुटका त्याला धर्माच्या नावानं मिळत होती. "जबान दिली तात्या," तो म्हणाला. "आता कसलीच नशा न्हाय." नंतर कितीतरी वर्षांनी मी एका भंतेजींना विचारलं, आजाऱ्याच्या औषधाला पाचवं शील आडवं येतं का. ते माझ्याकडं आश्चर्यानं बघून म्हणाले, छे, औषधाचा काय संबंध. एवढंच उत्तर होतं. ते त्या दिवशी विचारायला कुणाला सुचलं नाही, कारण आमच्याकडं तात्या होते.

पुढचे दिवस गावाच्या मते चमत्काराचे. दादाचा हात स्थिर झाला. झोप उडाली, अंग उतरलं, डोळे लकाकू लागले. दारूला तो शिवतसुद्धा नव्हता. पहाटे उठून विहार झाडायचा, दुकानातल्या साचलेल्या मोटारी त्यानं भराभर भरून टाकल्या, माझ्या मैत्रिणींना रस्त्यात अडवून शिक्षणावर भाषण द्यायचा. माय न्हाऊन निघाल्यासारखी दिसायची. तात्या ज्याला त्याला सांगत हिंडत, "बघा, म्या म्हणलं नव्हतं? दारू सुटली की मानूस सुधारतोच." आणि घरात मी एकटी बघत होते की तो भाकरी उभ्यानं दोन घास खाऊन ठेवून देतोय, की त्याच्या अंथरुणाची घडी मोडलेलीच नाही, की एक वाक्य पुरं व्हायच्या आत त्याच्या तोंडातून पुढची तीन धावत सुटलीत. हे मी आधी पाहिलेलं होतं. गोळ्यांच्या आधीचाच दादा परत आला होता, फक्त ह्या वेळी त्याच्या तोंडाला वास नव्हता.

मी आण्णांना म्हटलं, "दादाला सोलापूरला न्या. आजच्या आज न्या." आण्णा चिमटा उघडझाप करत म्हणाले, "पितो का?" म्हटलं, "न्हाय." "मग?" मी सांगत राहिले, झोपत नाही, खात नाही, बोलणं थांबत नाही. आण्णा थकलेल्या आवाजात म्हणाले, "सुजे, इतक्या वर्सांनी पोरगं मान वर करून चालतंय. तुला ते बी बघवंना व्हय?" मायला सांगितलं तर तिनं एकच विचारलं, "वास येतो का?" "न्हाय माय." "मग झालं तर." त्यांच्या लेखी तिथं विषय संपायचा. मी मग तात्यांच्या दारात गेले. त्यांच्याकडून ते पाकीट परत मागितलं. ते म्हणाले, उकिरड्यावर फेकलं.

जयंतीला दादाच्या हातात माईक दिला. तो बोलायला लागला आणि थांबेना. सुरुवातीला लोक भारावले, मग कंटाळले, मग हसायला लागले, पण टाळ्या वाजवत राहिले, कारण दारू सोडलेला माणूस बोलत होता. बोलता बोलता त्यानं जाहीर केलं की तो गावोगाव पायी फिरून लोकांना नशा सोडायला लावणार, आधी सोनारीपर्यंत, मग सगळा तालुका, मग जिल्हा. एप्रिलचं ऊन. सकाळी नऊलाच डांबर पायाला चटके देत होतं. कुठल्याही शहाण्या घरानं त्याला हाताला धरून सावलीत बसवला असता. आमच्या वस्तीनं त्याला हार घातला. निघायच्या सकाळी खांद्यावर निळा झेंडा, पायात झिजलेल्या चपला, ओठ फुटलेले, आणि डोळे असे की त्यांत आम्ही कुणीच नव्हतो. मी रस्त्यात आडवी उभी राहिले. त्याचा हात धरला, तो तापलेला होता. म्हटलं, "दादा, घरी चल. पाणी पी. तू आजारी हायस." त्यानं तोंडावर जोरात फुंकर मारली आणि हसला. "घे, तपास. हाय का वास?" तात्या मागून म्हणाले, "चांगल्या कामाला आडवी येऊ नगस, बाजूला हो." दोन बायांनी मला धरून बाजूला केलं. आण्णा ड्यूटीवर होते.

दोन-तीन दिवस बातम्या येत राहिल्या. अमक्या गावात मिलिंदनं भाषण केलं, तमक्या ठिकाणी पारावर उभा राहून ओरडत होता, एका टपरीवाल्याच्या गुटख्याच्या माळा तोडल्या म्हणून मार खाल्ला. मी आण्णांना गयावया केली. ते म्हणाले, रविवारी सुट्टी आहे, जाऊन घेऊन येतो. रविवार उगवला नाही. त्याआधीच सोनारीच्या रस्त्याच्या कडेला, एका बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत, दादा दुपारभर पडून होता. मेंढरं वळणाऱ्या एका बाईनं त्याला हलवून बघितलं, तोंडावर पाणी मारलं आणि रस्त्यात उभी राहून एक जीप थांबवली. परंड्याला दवाखान्यात आणलं तेव्हा धुगधुगी होती. तिथल्या माणसानं पहिला प्रश्न विचारला, "किती प्याला होता?" जीपवाला म्हणाला, "साहेब, भरपूर प्याला असंल, मिलिंद हाय तो." संध्याकाळच्या आत दादा गेला. ऊन लागलं होतं. आठवडाभर न झोपलेलं, न जेवलेलं शरीर होतं ते, ऊन सोसायला त्यात काही शिल्लक नव्हतं.

त्याला घरी आणून ओसरीवर ठेवलं. बाया रडत होत्या. माय रडत नव्हती. ती भिंतीला टेकून बसली होती, आणि तिनं सवयीनं, चुलीपुढून विचारावं तसं, मला विचारलं, "सुजे, वास येतो का गं?" मी दादाच्या तोंडाशी वाकले. घाम होता, माती होती, वॉर्निश होतं. मी उठून ओरडले. जे बसले होते त्यांना, जे बोळात उभे होते त्यांना, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडले, "न्हाय! वास न्हाय! ऐका सगळे, ह्याच्या तोंडाला वास न्हाय!" तोपर्यंत बोळातून ते शब्द माझ्या कानावर येऊन गेलेच होते: गेलं बिचारं, दारूनं खाल्लं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी ओसरीवर मांडव घातला होता. तात्यांनी त्रिशरण, पंचशील दिलं. पाचव्या शीलाला ते थांबले, डोळ्याला पंचा लावला आणि म्हणाले, "आमचा मिलिंद गुणाचा होता. पर ह्या दारूनं त्याचं शरीर आतून पोखरलं होतं. पोरांनो, त्याच्याकडं बघून शाने व्हा." मी उभी राहिले. ह्या वेळी मायनं पदर ओढला नाही. म्हटलं, "तात्या, त्यानं तुमचं शील मोडलं न्हाय. मरेपर्यंत पाळलं. तुमी त्याचं औषध काढून घेतलं, अन् तुमीच त्याला उन्हात धाडलं. दारूचं नाव घेऊ नका." तात्या म्हणाले, "दुःखात हाय ती, बोलू द्या." हे त्यांनी मोठ्या समजूतदारपणानं म्हटलं. मी आजही झोपेतून जागी झाले तर तो समजूतदार आवाज ऐकू येतो आणि माझ्या मुठी वळतात.

तेव्हा आण्णा उठले. मी त्यांना थोरल्या भावासमोर उभं राहिलेलं पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी तात्यांकडं बघितलं नाही, कुणाकडंच बघितलं नाही. म्हणाले, "त्या दिवशी सोनारीच्या फेरीला म्याच होतो. खिडकीतनं दिसला मला. झेंडा दिसला, शर्ट दिसला. डायवर म्हणला, कुणी पडलंय, थांबवू का. गाडी भरलेली. लोक म्हणले, मिलिंद हाय, पिऊन पडलाय. मला लाज वाटली. म्या एक घंटी मारली असती तर गाडी थांबली असती. म्या दोन मारल्या." मग ते खाली बसले. तात्यांनी पुढची वंदना सुरू केली, पण त्यांच्यामागं म्हणणारं कुणी नव्हतं. आण्णा त्यानंतर नोकरीत होते तोवर गाडीत गेले आणि आले. त्यांचा चिमटा घरात मी पुन्हा वाजलेला ऐकला नाही.

तात्या गेले, आण्णा गेले, माय गेली. विहाराला आता फरशी आहे, पंखे आहेत, पोरांच्या मोबाईलवर मनाच्या आजाराविषयी व्हिडिओ येत असतात आणि ती ते एकमेकांना पाठवत असतात. आणि मागच्याच महिन्यात वस्तीतल्या एका बाईनं मला बाजूला घेऊन विचारलं, पोरगा गोळ्या खातो, गुंगीत राहतो, ही नशाच की हो ताई? मी तिला भर रस्त्यात ओरडून बोलले, मग तिच्याबरोबर बसनं सोलापूरला गेले. मी पौर्णिमेला जाते. पाचवं शील मोठ्यानं म्हणते, दारू मला आजही तेवढीच नकोशी आहे. पण पुष्कळ वर्षं माझा राग एकाच गोष्टीवर अडून बसला होता, की तो प्यायलेला नव्हता तरी लोक पुढं गेले. तो प्यायलेला नव्हता, हे मी भेटेल त्याला सांगत सुटायची. एकदा सांगता सांगता माझ्याच कानाला ते खटकलं. समजा प्यायलेला असता तर? मग त्या बाभळीखाली त्याला मरू देणं बरोबर झालं असतं? हेच तर मी म्हणत होते. मीसुद्धा त्याच बसमध्ये बसले होते.

आता रस्त्याच्या कडेला कुणी पडलेलं दिसलं की मी गाडी थांबवायला लावते. रिक्षा असो, एसटी असो, भांडून थांबवते. लोक म्हणतात, अहो बाई, पिऊन पडलाय तो. मी खाली उतरते, त्याच्या तोंडाशी वाकते, लहानपणीची सवय आहे. वास आला तरी उचलते.